आर्किटेक्चरच्या मुलांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

पंचगंगाकाठ · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचाच. अठरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काढली, दोन वर्षांपूर्वी आईवडिलांसाठी घरी परतलो आणि आता इथूनच काम करतो. गेल्या महिन्यात इथल्या एका आर्किटेक्चर कॉलेजातून विचारणा झाली, की तिसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रामिंगची तोंडओळख करून द्याल का? बारा शनिवार, दर वेळी दोन तास. मी लगेच हो म्हटलं. शिकवायची हौस खूप दिवसांची होती.

पहिले तीन शनिवार छान गेले. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत व्हेरिएबल, अटी, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं) झाले. लूप लावून पायऱ्यांची रेघ काढली तेव्हा मुलं अक्षरशः उठून स्क्रीनजवळ आली. आज चौथा शनिवार. आज क्लास आणि ऑब्जेक्ट काढलं. मी स्वतः जसं शिकलो तसंच शिकवलं. प्राणी हा क्लास, कुत्रा आणि मांजर त्याचे वारस (म्हणजे प्राण्याचे गुण आयते घेणारे क्लास), दोघांना 'आवाज कर' म्हटलं की एक भुंकतो, एक म्याँव करतं. मग बँकेचं खातं. अर्ध्या तासात वर्ग हातातून निसटला. कुणी काही बोलत नव्हतं, पण चेहरे मिटले होते.

शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, मांजराचं आम्ही काय करायचं?" चेष्टा नव्हती हो. तिच्यासमोर सोमवारच्या सबमिशनची शीट उघडी होती, त्यावर ती दारांना नंबर देत होती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून इथे विचारतोय. इथे आर्किटेक्टही आहेत, प्रोग्रामरही आहेत. पुढच्या शनिवारी हाच विषय पुन्हा पहिल्यापासून घेणार आहे. डोक्यात एक उदाहरण आहे: क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली वस्तू. आपल्या उद्यमनगरात मुलं आयुष्यभर फाउंड्र्या (धातू ओतायचे कारखाने) बघत आलीत, तेव्हा हे चालेल असं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

---

उद्यमनगरकर · शनिवार, रात्री १०:१५

साच्याचं उदाहरण देणार असाल तर आधी माझं ऐका. पंचवीस वर्षं पॅटर्नचं काम करतोय.

लोक सगळ्यालाच साचा म्हणतात, पण सँड कास्टिंगमधला साचा म्हणजे वाळूचा मोल्ड. तो एकदाच वापरायचा. धातू ओतला, गार झाला, की साचा फोडायचा आणि जॉब, म्हणजे ओतलेला भाग, बाहेर काढायचा. टिकतो तो पॅटर्न, म्हणजे लाकडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा नमुना. तेव्हा तुमचा क्लास हा आमच्याकडं पॅटर्न झाला, साचा न्हवं.

आता पॅटर्नमध्ये काय असतं बघा. तो जॉबच्या मापाचा नसतो, थोडा मोठाच असतो. बिडाचं लोखंड गार होताना शेकडा एकच्या आसपास आकसतं, त्याची भर पॅटर्नमध्येच घालायची. मशिनिंगला किती मटेरियल ठेवायचं, वाळूतनं पॅटर्न अलगद निघावा म्हणून बाजूला किती उतार द्यायचा, हे सगळं ज्ञान त्या लाकडात असतं. मोल्डिंग करणाऱ्या पोराला त्यातलं काही ठाऊक नसलं तरी जॉब बरोबर येतो. हे तुमच्या मुलांना सांगण्यासारखं आहे.

पण एक प्रश्न आहे. शंभर जॉब ओतून गिऱ्हाइकाकडं गेले आणि मग मी पॅटर्न तासून बदलला, तर गेलेले जॉब काही बदलत नाहीत. तुमच्या कॉम्प्युटरात काय होतं?

---

पंचगंगाकाठ · शनिवार, रात्री १०:५०

दादा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. कॉम्प्युटरात उलटं होतं. ऑब्जेक्ट तयार झाला तरी त्याची क्लासशी असलेली नाळ तुटत नाही. क्लासमधली एखादी रीत बदलली, तर पायथनमध्ये आधी तयार झालेले ऑब्जेक्टसुद्धा नव्या रीतीनं वागायला लागतात. ऑब्जेक्टची स्वतःची मापं मात्र त्याच्याकडेच राहतात.

म्हणजे साच्याचं उदाहरण बरोबर तिथंच दगा देतं जिथं मुलांना खरी मदत हवी. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ज्ञान लाकडात असतं हे वाक्य मात्र मी वर्गात वापरणार, तुमची परवानगी आहे असं धरून.

---

कटिंगमॅट · शनिवार, रात्री ११:३०

मी चौथ्या वर्षाला आहे (दुसऱ्या कॉलेजात). सर, आम्हाला हे आधीच माहीत असतं, फक्त त्याला क्लास म्हणतात हे माहीत नसतं.

स्केचअप या थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रुप आणि कॉम्पोनंट असे दोन प्रकार आहेत. पहिल्या वर्षात सगळे ग्रुपच करतात. खिडकीचा ग्रुप केला, तीस ठिकाणी कॉपी केला, मग गाइडनं सांगितलं की छज्जा वाढव. तीस वेळा वाढवायचा. पहाटेचे तीन वाजतात. मग कुणीतरी सीनियर सांगतो, अगं कॉम्पोनंट कर. एका खिडकीत बदल केला की तीसही बदलतात, मात्र प्रत्येकीची जागा आणि ती फिरवलेली कशी आहे हे तिचं तिचं राहतं. एकच खिडकी वेगळी हवी असली तर राइट क्लिक करून 'मेक युनिक'.

ज्यानं ती रात्र काढली आहे त्याला क्लास आणि ऑब्जेक्ट पाच मिनिटांत समजेल. स्केचअपच्या आत रुबी भाषा आहे. तिथे याच दोन गोष्टींना कॉम्पोनंट डेफिनिशन आणि कॉम्पोनंट इन्स्टन्स अशी नावं आहेत.

---

ओळंबा · रविवार, सकाळी ७:२०

वरच्या मुलीचं (की मुलाचं? आयडीवरून कळत नाही) म्हणणं शंभर टक्के पटलं. मी राजारामपुरीत बावीस वर्षं प्रॅक्टिस करते, मधूनमधून ज्यूरीलाही (मुलांची डिझाइनं तपासायला) जाते. मी आणखी मागे जाईन, कॉम्प्युटरच्याही आधी.

दार-खिडक्यांचं शेड्यूल.

प्लॅनवर आपण दाराजवळ फक्त डी१, डी२ लिहितो. डी१ म्हणजे काय, हे बाजूच्या तक्त्यात असतं: ९०० बाय २१०० मिलिमीटर, सागवानी चौकट, फ्लश शटर, अमुक बिजागऱ्या. तक्त्यात एकदा लिहिलं की प्लॅनवरच्या सगळ्या डी१ ना ते लागू. कोणतं दार कोणत्या भिंतीत, कोपऱ्यापासून किती अंतरावर, डावं की उजवं, आत उघडतं की बाहेर, हे मात्र तक्त्यात नसतं, ते प्लॅनवर दारागणिक दिसतं. पंचगंगाकाठ, तुमच्या पहिल्या बाकावरची मुलगी चौथ्या शनिवारी नेमकं हेच करत होती. तुम्ही मांजर सांगत होता तेव्हा विषय तिच्या शीटवर होता!

याची किंमत मी मोजली आहे म्हणून इतक्या पोटतिडकीनं सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीची गोष्ट. क्लायंटनं डी२ मोठं करायला सांगितलं. ऑफिसमधल्या मुलानं प्लॅनवर जिथं जिथं माप हातानं लिहिलं होतं तिथं बदललं, शेड्यूल तसंच राहिलं. सुतारानं शेड्यूल बघून चौकटी केल्या, गवंड्यानं प्लॅन बघून भिंतीत गाळे (दारासाठी मोकळ्या जागा) सोडले. नऊ चौकटी परत गेल्या. चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती. एकच माहिती दोन ठिकाणी लिहू दिली, तेव्हाच ती घडून गेली होती.

मुलांना हे सांगा. माहिती कुठं राहते, एकदाच लिहिली आहे का, आणि बदलायचा अधिकार कुणाला? मला वाटतं तुमचा अख्खा विषय हाच आहे.

---

रंकाळ्यावरची_संध्याकाळ · रविवार, सकाळी ९:०५

प्रोग्रामिंगचा गंध नाही, पण वाचतेय. धागा वाचनखुणेत.

---

विटेवरवीट · रविवार, दुपारी १२:४०

मी पुण्यात बिम (इमारतीचं माहितीसकट कॉम्प्युटर मॉडेल) कोऑर्डिनेटर आहे, मूळचा गडहिंग्लजचा. ओळंबाताईंचं शेड्यूल उत्तमच, पण एक सावधगिरी. मुलं लगेच डी१ नावाचा एक क्लास करतील, डी२ नावाचा दुसरा, मग डी३. हे चुकीचं आहे आणि ही सवय नंतर जाता जात नाही.

डी१ आणि डी२ मध्ये फरक कशाचा? मापाचा, लाकडाचा. दोन्ही वागतात सारखीच. नुसता आकड्यांचा फरक असेल तर त्यासाठी नवा क्लास लागत नाही, वेगळी किंमत दिली की झालं. पण बिजागरीचं दार आणि सरकतं दार यांचं वागणं वेगळं आहे. तिथं वेगळा क्लास काढायला अर्थ आहे.

एक छोटा प्रयोग द्या. प्रत्येक दाराला विचारायचं, 'उघडताना किती जमीन अडवतोस?' ९०० ची एकच फळी बिजागरीवर असेल तर पाव वर्तुळ, म्हणजे साधारण ०.६४ चौरस मीटर. तीच ९०० रुंदी ४५० च्या दोन फळ्यांत केली तर दोन छोटी पाव वर्तुळं, मिळून ०.३२, बरोब्बर निम्मी. सरकतं दार म्हणेल, शून्य. विचारणाऱ्यानं दार कोणत्या जातीचं हे बघायचंच नाही. सगळ्या दारांना एकच प्रश्न, आणि ज्याचं त्यानं आपापल्या रीतीनं उत्तर द्यायचं. पॉलिमॉर्फिझम हा शब्द नंतर सांगितला तरी चालेल. छोट्या बाथरूमला सरकतं दार का द्यायचं, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलाला आधीच कळतं.

मग डी१ कोण? रेव्हिट या बिमच्या सॉफ्टवेअरमध्ये फॅमिली, तिच्यात टाइप, आणि टाइपची इन्स्टन्स (प्रत्यक्ष बसवलेली एकेक वस्तू) अशी उतरंड आहे. आयएफसी या खुल्या फॉरमॅटमध्ये (ज्याच्या नावातच 'क्लासेस' आहे, आणि जो २०१३ पासून आयएसओ १६७३९ म्हणून मानक आहे) दार हा एक क्लास आणि दाराचा टाइप हा दुसरा क्लास. डी१ हा त्या दुसऱ्या क्लासचा एक ऑब्जेक्ट. भिंतीतलं प्रत्यक्ष दार या डी१ कडे बोट दाखवतं.

---

ओळंबा · रविवार, दुपारी १:१५

विटेवरवीट, बरोबर आहे सगळं, पण पहिल्याच तासाला एवढं? मुलं पुन्हा मिटतील.

---

विटेवरवीट · रविवार, दुपारी १:३०

ताई, शब्द नका सांगू, पण फळ्यावर मांडणी योग्य करा. दोन तक्ते काढा, एक 'दाराचे प्रकार' आणि दुसरा 'दारं'. दुसऱ्या तक्त्यात 'प्रकार' असा एक रकाना असेल, त्यात डी१ लिहायचं. मुलं शेड्यूल रोज करतात, त्यांना यात काही नवं वाटणारही नाही. चुकीचं शिकवून मग पुसत बसण्यापेक्षा हे सोपं.

---

जुना_कागद · रविवार, रात्री ८:५०

एक गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून सांगतो, कारण ती मुलांना सांगायलाच हवी.

हा विचार मुळात चित्र काढणाऱ्या यंत्रातून आला. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी पीएचडीसाठी स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला. टीएक्स-२ या खोलीभर पसरलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाइट पेननं रेघ काढायची. त्यात 'मास्टर' आणि 'इन्स्टन्स' होते. एक षटकोन काढायचा, त्याच्या प्रती जोडून जाळी करायची, आणि मूळ षटकोन बदलला की सगळी जाळी बदलायची. त्यांनी षटकोनाच्या जागी अर्धवर्तुळ बसवून जाळीचे माशाचे खवले करून दाखवले होते. कटिंगमॅटनं सांगितलेला कॉम्पोनंट तो हाच.

त्याच दशकात नॉर्वेत ओस्लोला ओल-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड सिम्युला ही भाषा करत होते. १९६७ च्या सिम्युलात क्लास, ऑब्जेक्ट, वारसा सगळं आलं. अमेरिकेत ॲलन के यांनी १९६६ मध्ये युटा विद्यापीठात आल्यावर स्केचपॅड अभ्यासलं, सिम्युला बघितली, आणि पुढे झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या प्रयोगशाळेत स्मॉलटॉक ही भाषा घडवली. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हा शब्दप्रयोग त्यांचाच.

पुढचं तर आर्किटेक्टांच्या घरातलंच आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या आर्किटेक्टनं १९७७ मध्ये सहकाऱ्यांसोबत इमारती आणि वस्त्यांचे २५३ पॅटर्न मांडले. कोनाडा कसा असावा, घरात शिरताना काय व्हावं, अशा गोष्टी. प्रोग्रामर लोकांनी ती कल्पना उचलली आणि १९९४ मध्ये सॉफ्टवेअरचे २३ डिझाइन पॅटर्न पुस्तकरूपात आले. १९९६ मध्ये प्रोग्रामरांच्या परिषदेत भाषण करायला अलेक्झांडर यांनाच बोलावलं होतं. (उद्यमनगरकर, हा पॅटर्न तुमचा लाकडी न्हवे. शब्द तोच असल्यानं कोल्हापुरात आधी खुलासा करावा लागेल.)

तेव्हा मुलांना सांगा, परक्या घरात शिरल्यासारखं वाटून घेऊ नका.

---

पंचगंगाकाठ · पुढचा शनिवार, सायंकाळी ७:१०

आत्ताच वर्गावरून आलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी मनापासून मदत केलीत.

कॉम्प्युटर बंदच ठेवले. मागच्या शनिवारच्या त्या मुलीला तिची शीट फळ्यावर लावायची विनंती केली. तिला अवघड वाटेल अशी भीती होती, पण ती पटकन उठली. मग विटेवरवीट यांच्या म्हणण्याप्रमाणे फळ्यावर दोन तक्ते काढले. दाराचे प्रकार आणि दारं. मुलांनी प्लॅन बघून भरायला सुरुवात केली. दहा मिनिटांत वाद पेटला. 'उघडण्याची बाजू' कुठल्या तक्त्यात? निम्मा वर्ग म्हणे प्रकारात, निम्मा म्हणे दारात. एक मुलगा म्हणाला, सुताराला डावं-उजवं आधी कळलं पाहिजे, बिजागरीच्या खाचा तो चौकटीला आधीच पाडतो, म्हणून प्रकारात. दुसरी म्हणाली, मग प्रत्येक प्रकार दोनदा लिहावा लागेल. मी मध्ये बोललो नाही. शेवटी त्यांनी दारात ठेवलं. मला त्या उत्तरापेक्षा तो वाद जास्त मोलाचा वाटला.

मग मी विचारलं, डी१ चे ९०० चे १००० केले तर किती ठिकाणी खोडावं लागेल? "एका." आणि पूर्वेच्या भिंतीतलं दार ३०० नं सरकवलं तर? "एका, पण दुसऱ्या तक्त्यात." त्यानंतर कॉम्प्युटर सुरू केले. जे फळ्यावर होतं तेच टाइप केलं. पायथनमध्ये नावं देवनागरीत चालतात म्हणून दार, रुंदी, भिंत अशीच नावं दिली. भाषेचे मूळ शब्द तेवढे रोमन ठेवावे लागतात, आणि कोडमधले आकडेही रोमनच लागतात, यावर दोघं-तिघं अडखळले.

अडवलेल्या जमिनीचा प्रयोगही झाला. ०.६४ आणि ०.३२ बघून एक मुलगा म्हणाला, म्हणून जुन्या वाड्यांत दोन फळ्यांची दारं! कारणं आणखीही असतील, पण त्यानं स्वतःहून जोडलं.

एकीनं जिन्यात अडचण आणली. तिनं जिन्याच्या क्लासमध्ये मजल्याची उंची ३००० आणि रायझर (एका पायरीची उंची) १८७.५ असं दोन्ही लिहिलं होतं, पायऱ्या १६. मी उंची ३१५० करायला सांगितलं. जिना वरच्या मजल्याच्या १५० खालीच थांबला. तिनं ते स्वतः बघितलं आणि म्हणाली, "रायझर मी लिहायचाच नाही. तो जिन्यानं स्वतः काढायचा." राष्ट्रीय इमारत संहितेत घरासाठी रायझर १९० पेक्षा जास्त चालत नाही आणि ट्रेड (पायरीची पाय ठेवायची रुंदी) २५० पेक्षा कमी चालत नाही. तिनं जिन्याला तेवढंच सांगितलं. ३१५० भागिले १९० म्हणजे साडेसोळाच्या पुढे, म्हणून १७ पायऱ्या, प्रत्येकी १८५.३. मग तिच्याच लक्षात आलं की दोन फ्लाइटांत (जिन्याच्या सलग टप्प्यांत) सोळाचे आठ-आठ पडत होते, सतराचे नऊ-आठ पडतात. फ्लाइटची शेवटची पायरी म्हणजे वरची सपाट जागाच, म्हणून ट्रेड एक कमी. त्यामुळे एका फ्लाइटला सातऐवजी आठ ट्रेड लागतात, आणि १७५० ची लांबी २००० होते. तिच्या प्लॅनमध्ये तेवढी जागा नव्हती. ती डोकं धरून बसली, पण ही अडचण बांधकामावर न सापडता आज वर्गात सापडली. एन्कॅप्सुलेशन (ज्याचा हिशेब त्यानंच आत सांभाळायचा) हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला.

आता अडचण. वारशाचं वेड लागलंय. कळल्यापासून सगळे प्रत्येक गोष्टीचं झाड काढत सुटलेत. भिंत, तिच्याखाली वीटभिंत, तिच्याखाली २३० ची वीटभिंत, तिच्याखाली ११५ ची. एकानं तर दाराला भिंतीचा वारस केलं, का तर 'दार भिंतीत असतं'. हे कसं आवरू?

---

शाळेच्या_बाई · शनिवार, रात्री ८:००

मी मराठी शिकवते. प्रोग्रामिंग येत नाही, पण शेवटची अडचण माझ्या प्रांतातली वाटते.

मुलांना वाक्य करायला सांगा. 'सरकतं दार हे दारच आहे.' वाक्य जमलं, तर वारसा. 'दार ही भिंतच आहे.' कानाला खटकलं, तर वारसा नाही. मग विभक्ती लावून बघा: 'भिंतीला दार आहे', 'खोलीत खिडकी आहे'. 'ला' किंवा 'त' लागला, की ते नातं असण्याचं नव्हे, बाळगण्याचं. आपल्या भाषेत हा फरक प्रत्ययातच आहे, वेगळा शिकवायला नको.

---

पंचगंगाकाठ · शनिवार, रात्री ८:२५

बाई, हे मी फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवणार आहे. 'हे...च' आणि 'ला'.

---

विटेवरवीट · शनिवार, रात्री ९:१०

व्वा बाई! 'भिंतीला दार आहे' यात मी फक्त एक पायरी वाढवतो. आयएफसीत भिंतीला थेट दार नसतं. भिंतीला गाळा असतो, आणि गाळ्यात दार बसतं. गाळा, म्हणजे ती रिकामी जागा, हा स्वतंत्र ऑब्जेक्ट आहे. त्याला स्वतःची मापं आहेत. दार काढून टाकलं तरी गाळा राहतो. ताईंच्या नऊ चौकटी याचीच साक्ष आहेत: गाळा गवंड्याचा, चौकट सुताराची.

---

ओळंबा · रविवार, सकाळी ६:५०

वारशाचं वेड उतरवायचं असेल तर मुलांना खिद्रापूरला न्या. साठेक किलोमीटर, सकाळी निघालात तर दुपारी परत.

तिथल्या कोपेश्वराच्या प्राचीन देवळाचा स्वर्गमंडप, म्हणजे पुढचा खांबांचा मंडप. ४८ खांब. आधी वर्गात खांबांचं झाड काढू द्या, मुलं चौकोनी खांब, अष्टकोनी खांब, गोल खांब असे वारस काढतीलच. मग तिथं एका खांबासमोर उभं करून विचारा, हा कुठल्या जातीचा? खाली चौकोन, वर गेलं की अष्टकोन, आणखी वर गोल, मग पुन्हा वेगळी कणी (धारदार कंगोरा). एकच खांब तीन जातींचा. झाड तिथल्या तिथं मोडेल.

मग शाळेच्या बाईंचा 'ला' आठवू द्या. खांबाला थर आहेत. प्रत्येक थराला छेद आहे आणि उंची आहे. खांब म्हणजे थरांची यादी, तळखड्यापासून शीर्षापर्यंत. ज्यांनी तो घडवला त्यांनीही दगडाकडे थराथरानंच बघितलं असेल.

संरक्षित स्मारक आहे, तेव्हा दगडाला काही टेकवायचं नाही. लांबून स्केच आणि फोटो. मापं नजरेनं, प्रमाणात.

---

उद्यमनगरकर · रविवार, सकाळी ८:३०

आमच्याकडंपण अवघड जॉबचा पॅटर्न एका तुकड्यात नसतो. सुटे भाग करून डॉवेलनं (खुंट्यांनी) जोडतात. पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा गाभा, म्हणजे कोअर, वेगळा, आणि तो घडवायचा कोअरबॉक्स वेगळा. पोकळीसाठी स्वतंत्र वस्तू करावी लागते, हे विटेवरवीट यांनी गाळ्याबद्दल सांगितलं तसंच झालं. पोरांना एखाद्या शनिवारी शॉपवर घेऊन या, दाखवतो. चहा माझ्याकडून.

---

पंचगंगाकाठ · त्यापुढचा रविवार, रात्री ९:००

काल खिद्रापूरला जाऊन आलो. एकोणीस मुलं, दोन गाड्या.

ताई म्हणाल्या तसंच झालं. ज्या मुलानं खांबांचं सगळ्यात मोठं झाड काढलं होतं, तो एका खांबासमोर बराच वेळ उभा राहिला. मग वही काढून त्यानं झाडावर काट मारली आणि खालून वर थर लिहायला बसला. तळखडा. चौकोन. अष्टकोन. गोल. कणी. शीर्ष. प्रत्येकापुढं उंचीचं प्रमाण. रात्री त्यानं कोड पाठवलं. 'खांब' नावाचा एकच क्लास, आत थरांची यादी. 'एकूण उंची' विचारली की खांब प्रत्येक थराला त्याची उंची विचारतो आणि बेरीज सांगतो. मग आतल्या वर्तुळाचे बारा खांब, दर ३० अंशांवर एक, लूप लावून उभे केलेत. एकदाही कॉपी-पेस्ट नाही.

मांजराचं काय करायचं विचारणारी मुलगी मात्र खांबांकडे फारशी बघत नव्हती. ती मधल्या गोल रंगशिळेच्या कडेला उभी राहून वर बघत होती, जिथं छत गोल उघडं आहे आणि थेट आकाश दिसतं. मला बोलावून म्हणाली, "सर, हे जे उघडं आहे, ते कोणाचं? छताचं म्हणावं तर छत त्याच्याभोवती थांबतं. खांबांचं म्हणावं तर ते बारा मिळून त्याला धरतात, एकट्याचं कुणाचंच नाही."

मी विटेवरवीट यांचा गाळा सांगितला, रिकामी जागा हाच एक ऑब्जेक्ट. तिला ते अर्धंच पटलं. म्हणाली, गाळा भिंत असल्यावर पाडता येतो, इथं तर आधी आकाश होतं.

---

विटेवरवीट · रविवार, रात्री ९:४०

मी तरी ओपनिंगच म्हणेन, छताला जोडलेलं. पण तिचा मुद्दा खरा आहे. आयएफसीत गाळ्याला कुणातरी घन वस्तूतून वजा करावं लागतं. इथं वजा केलेलं काहीच नाही.

---

ओळंबा · रविवार, रात्री १०:०५

मी तिथे दहा-बारा वेळा गेले असेन, हा प्रश्न कधी पडला नव्हता. माझ्या मते ते उघडेपण बारा खांबांवरच्या दगडी कड्याचं आहे. खांब कड्याला धरतात आणि कडं आकाशाला सीमा घालतं. म्हणजे कड्याला व्यास, आणि त्या व्यासावरून खांबांच्या जागा. उलट नाही. तिला सांगा, कड्यापासून सुरुवात करून लिहून बघ.

---

पंचगंगाकाठ · रविवार, रात्री १०:२०

आत्ताच तिला पाठवलं. तिचं उत्तर आलं, की मग खांबांनी आपली जागा स्वतः ठेवायचीच नाही, कड्याला विचारायची. पुढच्या शनिवारी ती फळ्यावर मांडणार आहे. झालं की इथे लिहितो.